जागा त्यांची त्यांनीच निवडली

बाग म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र येते. तिरप्या विटांनी आखलेले वाफे, एका रांगेत गुलाब, फाटकाजवळ जास्वंद, कोपऱ्यात कढीपत्ता आणि मधली जमीन अशी साफ की त्यात गवताची काडी दिसू नये. झाडाने कुठे उभे राहायचे हे माणूस ठरवतो आणि झाड बिचारे तिथे उभे राहते. नाही राहिले तर नर्सरीतून दुसरे आणायचे. आमच्या घरी मात्र गेली काही वर्षे उलटा कारभार चालू आहे. झाडे आपली जागा आपणच निवडतात. ती त्यांना द्यायची की नाही, एवढेच आम्ही ठरवतो. हा कारभार कसा चालतो, त्यात फायदा काय आणि कटकट काय, हे वाचकांना सांगावे म्हणून हा लेखप्रपंच.

आम्ही उभयता नोकरीतून निवृत्त होण्याच्या सुमारास नागपूरच्या एका टोकाला, एका ले-आउटमध्ये, लहानसा प्लॉट घेऊन घर बांधले. घर बांधून मागेपुढे मिळून ४०० चौरस फूट जमीन उरली. वाचणाऱ्याला हा आकडा हसण्यासारखा वाटेल. पण आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत याआधी कुणाच्याही नावावर जमीन नव्हती. त्यामुळे ही चारशे फुटे आम्हाला चाळीस एकरांसारखी वाटली. त्यात काय लावायचे, कसे लावायचे, याचा कागदावर नकाशासुद्धा काढला होता.

घरात आमच्यासोबत माय असते. एकाची आई, दुसऱ्याची सासू. पण हाक दोघांचीही 'माय'च. मायचे अर्धे आयुष्य दुसऱ्याच्या वावरात निंदण करण्यात गेले. पऱ्हाटी, तूर, ज्वारी, जे पीक असेल त्यात सकाळपासून उन्हे कलेपर्यंत वाकून खुरपे चालवायचे. घर बांधल्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात आम्ही नकाशाप्रमाणे वाफे साफ करायला बसलो, तेव्हा माय दारातून बघत होती. म्हणाली, "बाबू, हे काहून उपटून राहिला? हा तांदुळजा हाय. थो तिकडचा तरोटा. अन् हे पायाखाली तुडवून राहिले थे घोळ हाय."

आमच्या हातात जे तण होते ते तिच्या हिशेबी संध्याकाळची भाजी होती. वावरात निंदताना ही रोपे उपटायची, कारण मालकाच्या पिकाला ती जड. पण उपटलेले सगळेच धुऱ्यावर फेकायचे नाही. कोवळे तेवढे ओट्यात बांधून घरी आणायचे. पावसाळ्याचे दोन-तीन महिने घरातला धान्याचा डबा तळाला लागलेला असताना याच भाज्यांवर लेकरे वाढली. तरोटा पहिल्या पावसानंतर पंधरा-वीस दिवस कोवळा असतो तोवरच खावा, नंतर उग्र लागतो. घोळ आंबटसर म्हणून डाळीत घालावी. तांदुळजा आणि काटेमाठ लहानपणी भावंडांसारखे दिसतात, पण काटेमाठाच्या देठाशी काटे फुटतात, तेव्हा बोट फिरवून बघावे. असे तिचे शास्त्र.

इथपर्यंत सगळे गोड वाटते. पण खरी अडचण पुढेच आहे. आमच्या आईवडिलांच्या पिढीने अंगण झाडून-सारवून लखलखीत ठेवणे हा आयुष्याचा नियम मानला होता. वस्तीत येणारा माणूस आधी आपल्याला घाणेरडे म्हणायला बघतो, म्हणून त्याला बोट ठेवायला जागाच ठेवायची नाही, ही त्यामागची भावना. तीच शिकवण आमच्या अंगात मुरलेली. दारात गवत वाढलेले दिसले की आमचा जीव कासावीस होतो. त्यातून एका शेजाऱ्यांनी फाटकावरून सहज विचारले, "काय साहेब, बागेला माळी मिळत नाही वाटते?" त्यांच्या मनात वाईट नसेलही. पण आम्हाला त्या रात्री झोप लागली नाही. नीटनेटकी बाग ही आमच्यासाठी हौस नव्हती. 'आम्हीही राहायला शिकलो आहोत' असे सांगणारी ती पाटी होती.

आम्ही मायला हे बोलून दाखवले. ती म्हणाली, "ज्याचं वावर, थो म्हणे ते तण. आता जागा आपली हाय. आता तण कोणतं थे आपून सांगू."

या एका वाक्यावर आमच्याकडे महिनाभर चर्चा झाली असेल. शेवटी घरात तीन नियम ठरले. पहिला, फाटकापासून दारापर्यंतची वाट आणि भिंतीलगतची हातभर पट्टी रोज झाडून स्वच्छ राहील. तिथे कुणाचेही काही चालणार नाही. दुसरा, वाफ्यांच्या विटांच्या कडा सरळ राहतील. तिसरा, कडांच्या आत आपोआप आलेले कोणतेही रोप नाव कळल्याशिवाय उपटायचे नाही. याचा परिणाम बघण्यासारखा झाला. वाट स्वच्छ आणि कडा सरळ असल्या की आतला गोंधळ मुद्दाम ठेवलेला आहे हे येणाऱ्याला आपसूक कळते. त्यानंतर माळ्याची चौकशी कुणी केली नाही. उलट रोपे मागायला लोक येऊ लागले.

नाव कळेपर्यंत थांबायचे, याला कारण आहे. बी रुजल्यावर पहिली जी दोन पाने निघतात ती बियांतच तयार असलेली पाने. कितीतरी झाडांची ही पाने एकमेकांसारखीच दिसतात. त्यानंतर येणारी पाने ही त्या झाडाची खरी पाने. रोप चार पानांचे झाले की ओळख पटू लागते. तेवढे आठ-दहा दिवस हात आवरायचा.

आता झाडे जागा कशी निवडतात ते पाहू. झाडाला पाय नाहीत, डोळे नाहीत. निवड होते ती अशी की बी शंभर ठिकाणी पडते आणि जिथे ओल, ऊन, माती जमते तिथेच टिकते. बाकीची नव्याण्णव कुणाला दिसतही नाहीत. म्हणून जे रोप आपल्याला दिसते ते आधीच परीक्षा पास होऊन आलेले असते.

सदाफुलीचे उदाहरण घ्या. वाफ्यात लावलेली सदाफुली आमच्याकडे श्रावणात पिवळी पडून कुजायची. इथली काळी माती पाऊस लागला की पाणी धरून ठेवते आणि सदाफुलीच्या मुळांना साचलेले पाणी चालत नाही. पण तिचेच बी पायऱ्यांच्या सिमेंटच्या फटीत जाऊन रुजले आणि बारा महिने फुलत राहिले. फटीत पाणी थांबत नाही, आणि बाजूला जागेसाठी भांडणारे दुसरे झाडही नसते. हे झाड मूळचे मादागास्कर बेटावरचे. ज्या झाडाला आपण दारचे म्हणून किंमत देत नाही, त्यापासून १९५०च्या दशकाच्या अखेरीस कॅनडातल्या संशोधकांनी विनब्लास्टिन हे औषध वेगळे केले. पुढे त्याच झाडातून व्हिन्क्रिस्टिन मिळाले. रक्ताच्या कर्करोगावर आजही ते वापरतात. (म्हणून कुणी पाने चावून खाऊ नयेत. झाड विषारी आहे आणि औषध डॉक्टरांनीच द्यायचे असते.)

गुलबाक्षीची तऱ्हा वेगळी. ती अमेरिका खंडातून आलेली, पण आपल्याकडे इतकी रुळली की कुणी तिला परकी म्हणणार नाही. दुपार कलली की फुलते. तिचे मिऱ्यासारखे काळे बी झाडाखालीच पडते. उन्हाळ्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा काळ्या मातीला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. बिया त्या भेगांत घरंगळतात. पहिला पाऊस आला की माती फुगते, भेगा मिटतात आणि बी आपोआप पेरले जाते. वरचे झाड वाळून गेलेले दिसले, तरी जमिनीत तिचा कंद जिवंत असतो. ज्या उन्हाळ्याला आपण नावे ठेवतो, त्याच उन्हाळ्यावर तिची पेरणी चालते.

तेरडा तर स्वतःच पेरणी करतो. पिकलेल्या बोंडाला नुसते बोट लागले तरी ते फट्कन फुटते आणि बिया हातभर लांब उडतात. नातवंडांचा तो आवडता खेळ. त्यामुळे तेरडा दरवर्षी थोडा थोडा सरकत जातो. आमच्या दारापाशी लावलेला तेरडा आता सरकत सरकत मागच्या दारी, अर्ध्या सावलीत जाऊन बसला आहे. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात. पण जागा त्याच्या मनासारखी असली तर महिना-दीड महिना नवनवी फुले येत राहतात.

कूलरचे पाणी जिथे ठिपकते तिथे ऐन उन्हाळ्यात घोळ पसरते. भांडी घासायच्या जागेच्या उताराला टोमॅटो उगवतात, कारण ताटाला चिकटलेले बी पाण्याबरोबर तिथवर जाते. पपई न्हाणीच्या मागे आली. पपईला सोटमूळ असते. रोप उपटून दुसरीकडे लावताना ते दुखावले की झाड महिनाभर रुसते. जागच्या जागी उगवलेल्या पपईचे मूळ आधीच खोल गेलेले असते, म्हणून पाणी कमी पडले तरी ती तग धरते. मात्र पपई नर की मादी हे फुलोरा येईपर्यंत कळत नाही. त्यासाठी आम्ही एका जागची दोन-तीन रोपे राखतो आणि लांब लोंबत्या फुलोऱ्याचे नर झाड दिसले की जास्तीची काढून टाकतो.

वाफे वारंवार खणले की तण जास्त येते, हे मायने आम्हाला आधीच सांगितले होते. पुढे वाचनात त्याचे कारण सापडले. जमिनीत वर्षानुवर्षांच्या बिया झोपून असतात. त्यातल्या बारीक बियांना रुजण्यासाठी उजेडाचा इशारा लागतो. आपण खणतो तेव्हा त्यांना उजेडात आणतो. या बिया किती काळ टिकतात? विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ साली अमेरिकेत मिशिगन येथील कृषी महाविद्यालयाच्या आवारात वाळू व बिया भरून २० बाटल्या पुरून ठेवल्या. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली काढून त्यातल्या बिया पेरायच्या, असा तो प्रयोग. पुढच्या पिढ्यांतील शास्त्रज्ञांनी तो चालू ठेवला. २०२१ साली काढलेल्या बाटलीतल्या काही बिया तब्बल १४२ वर्षांनी उगवल्या. चार बाटल्या अजून जमिनीत आहेत. शेवटची इ. स. २१०० मध्ये निघेल. प्रयोग सुरू करणारा माणूस कधीच गेला, पण कामाचे धागे सुटले नाहीत, याचे आम्हाला फार कौतुक वाटते.

'झाडांना हवे तिथे येऊ द्या' म्हणजे 'काही करू नका' असे मात्र नव्हे. जपानचे शेतकरी मासानोबू फुकुओका (१९१३-२००८) यांचे नाव अनेकांनी ऐकले असेल. १९८८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. संत्र्यासारख्या फळांच्या बागेत ते निरनिराळ्या भाज्यांचे बी एकत्र करून विखरून टाकत. ज्या भाजीला जिथे मानवेल तिथे ती उगवे. पण याच फुकुओकांनी तरुणपणी वडिलांच्या बागेतली, वर्षानुवर्षे छाटणी होत आलेली झाडे एकदम मोकळी सोडून दिली, तेव्हा फांद्यांचा गुंता होऊन बरीच झाडे मेली. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. मोकळीक देणे वेगळे आणि वाऱ्यावर सोडणे वेगळे. मोकळीक देणाऱ्याला रोज बघावे लागते, आणि कधी कधी 'नाही' म्हणावे लागते.

आमचे पहिले 'नाही' गाजरगवताला. मूळचे अमेरिका खंडातले हे गवत आपल्या देशात १९५०च्या दशकात पुण्यात नजरेस आले आणि तिथून देशभर पसरले. एका झाडाला हजारोंनी बिया येतात. अंगाला लागले तर खाज सुटते, काहींना दम्याचा त्रास होतो. हातमोजे घालून, फुले येण्याआधी, मुळासकट काढायचे. यात दयामाया नाही. जे झाड दुसऱ्या कुणालाच जागा ठेवत नाही, त्याला जागा देणे म्हणजे बाकीच्या सगळ्यांची जागा काढून घेणे.

दुसरे 'नाही' म्हणताना मात्र आमचा जीव जड झाला. पाण्याच्या टाकीखालच्या भिंतीच्या सांध्यात पिंपळ उगवला. पिंपळाची फळे पाखरे आणि वटवाघळे खातात आणि विष्ठेतून बी भिंतीवर, छपरावर, दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात पडते. रानातही पिंपळाची सुरुवात पुष्कळदा अशीच दुसऱ्या झाडावर होते. म्हणजे भिंत निवडण्यात त्याची काही आगळीक नाही. पण त्याची मुळे भिंत फोडतात हेही तितकेच खरे. आमच्या घरातला तरुण मुलगा म्हणाला, "बोधिवृक्ष आहे. उपटायचा कसा?" प्रश्न भावनेचा होता, आणि खोटा नव्हता. ज्या वृक्षाखाली तथागतांना सम्यक संबोधी प्राप्त झाली, त्याचे पान प्रत्येकाच्या घरात तसबिरीत असते.

आम्ही इतिहास काढून बसलो. बुद्धगयेचा जुना वृक्ष १८७६ साली वादळात कोसळला, तेव्हा त्याच्याच बियांपासून झालेली रोपे तयार होती, म्हणून १८८१ साली जनरल कनिंगहॅम यांना तिथे नवे झाड लावता आले. त्या वृक्षाची फांदी संघमित्रेने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात श्रीलंकेत नेली आणि अनुराधापूरला ती रुजली. ते झाड अजून उभे आहे. म्हणजे या वृक्षाचा वंश आजवर टिकला तो जागच्या जागी राहिल्यामुळे नव्हे. माणसांनी त्याला वेळोवेळी नवी जमीन दिली म्हणून टिकला. मायने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "मंग झाडाले जमीन द्या ना बाप्पा."

भर पावसात, सांधा भिजलेला असताना, रोप वीतभर होते तेव्हाच हलक्या हाताने मुळासकट काढले. पिशवीत लावले, एक पावसाळा आणि एक हिवाळा सावलीत सांभाळले आणि पुढच्या पावसाळ्यात विहाराच्या मोकळ्या जागेत लावले. आतापर्यंत भिंतीतून अशी तीन रोपे काढली. दोन जगली नाहीत. एक जगले, ते आता माणसाच्या डोक्याच्या वर गेले आहे. भिंतीतला पिंपळ जितका उशिरा काढाल तितके त्याचे मूळ तुटण्याची शक्यता जास्त, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आता थोडे मायविषयी. तिचे वय ऐंशीच्या पुढे गेले आहे. खाली बसवत नाही. ती खुर्चीवर बसते आणि काठीने रोप दाखवते. नातवंडे पाने तोडून तिच्या हातावर ठेवतात. ती पान चुरगाळते, वास घेते, नाव सांगते, आणि धाकटी नात ते वहीत लिहून घेते. त्या वहीत आज चाळीसच्या वर नावे झाली आहेत. पाथरी, कुंजर, चिवळ, अंबाडी, आघाडा. प्रत्येक नावापुढे कधी खायचे, कशात घालायचे, कशाला हात लावायचा नाही, असे तीन रकाने. मायला लिहिता-वाचता येत नाही. पण नात वाचून दाखवते आणि माय दुरुस्त्या करते.

ही वही का करावी लागते, हेही सांगायला हवे. गावाकडे अनेक वावरांत आता निंदणाऐवजी तणनाशकाची फवारणी होते. कंबर मोडणारे काम कमी झाले, त्याचे वाईट वाटायचे कारण नाही. ज्यांनी ते केले त्यांना विचारा. पण कामाबरोबर त्या कामातून मिळालेली ओळखही चालली आहे. फवारलेल्या वावरातली भाजी खायची सोय राहिली नाही आणि शहरात वाढलेल्या आमच्या मुलांना तांदुळजा आणि काटेमाठ सारखेच. ज्या बायांनी हे ज्ञान वाकून वाकून मिळवले, त्यांना कुणी कधी जाणकार म्हटले नाही. मजूर म्हटले. निदान आपल्या घरात तरी त्यांना जाणकार म्हणावे, असे आम्हाला वाटते.

ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांनीही निराश होऊ नये. चाळीच्या गॅलरीतल्या फुटक्या बादलीतसुद्धा माती भरून ठेवली तर पाखरे आणि वारा काही ना काही आणून टाकतात. येत्या पावसाळ्यात निदान हातभर जागा मोकळी ठेवा. तिथे काही लावू नका, खणू नका, नुसते बघा. रोप चार पानांचे होईपर्यंत हात आवरा. गटाराकाठचे आणि फवारलेल्या जागेतले काही तोंडात घालू नका. ओळख पटल्याशिवाय तर मुळीच नाही. आणि ओळख पटवण्यासाठी घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या म्हाताऱ्या आजीला बोलवा. तिच्यासाठी खुर्ची मांडा, आणि जवळ वही-पेन घेऊन बसा.